चारशे यार्डांची कोंडी : इंटरनेट ठप्प झाले तेव्हा

१/
१९८६ सालचा ऑक्टोबर महिना. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात बर्कली या गावी एका टेकडीवर लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आहे आणि टेकडीच्या पायथ्याशी कॅलिफोर्निया विद्यापीठ. दोन्ही संस्थांमधील अंतर चारशे यार्ड, म्हणजे सुमारे ३६५ मीटर. त्यांच्या संगणकांमध्ये एरवी सेकंदाला ३२,००० बिट या वेगाने माहितीची देवाणघेवाण होत असे. त्या महिन्यात हा वेग सेकंदाला ४० बिटांपर्यंत घसरला. दोन हजार अक्षरांचे जे पान अर्ध्या सेकंदात पोचत होते, त्याला आता जवळजवळ सात मिनिटे लागणार होती. तेवढ्या वेळात एखादा माणूस ते पान हातात घेऊन टेकडी उतरून गेला असता.

२/
तार तुटली नव्हती. कोणते यंत्र बिघडले नव्हते. कोणी घातपातही केला नव्हता. प्रत्येक संगणक त्याला नेमून दिलेले काम चोख करत होता आणि नेमके त्यामुळेच सगळे ठप्प झाले होते. पुढील काळात असे प्रसंग पुन्हा पुन्हा घडले. तंत्रज्ञानाच्या इतिहासात या घटनेला ‘कंजेशन कोलॅप्स’ म्हणतात. मराठीत आपण तिला ‘कोंडीमुळे आलेली कोसळण’ म्हणू. ही कोसळण समजून घेणाऱ्या आणि तिच्यावर उपाय शोधणाऱ्या एका लहानशा संशोधक गटाचा इतिहास या थ्रेडमध्ये पाहू.

३/
हा गट लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतला. ही प्रयोगशाळा अर्नेस्ट लॉरेन्स या भौतिकशास्त्रज्ञाने १९३१ मध्ये स्थापन केली. अणुकेंद्राचा अभ्यास आणि कणत्वरक यंत्रे यांसाठी ती जगभर प्रसिद्ध होती. तेथे व्हॅन जेकबसन नावाचा संशोधक संगणकांच्या जाळ्यावर काम करत असे. त्याच्याभोवती पुढे जो गट उभा राहिला, तो ‘नेटवर्क रिसर्च ग्रुप’ या साध्या नावाने ओळखला जाऊ लागला. सॅली फ्लॉइड, व्हर्न पॅक्सन, स्टीव्हन मॅक्कॅन, क्रेग लेरेस ही त्यातील काही नावे. इंटरनेटच्या लोकप्रिय इतिहासात ती क्वचितच भेटतात.

४/
कोंडी का झाली, हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. टेलिफोनच्या जुन्या जाळ्यात दोन माणसे बोलत असताना त्यांच्यासाठी एक मार्ग राखून ठेवलेला असे. ती गप्प बसली तरी तो मार्ग दुसऱ्या कोणाला मिळत नसे. १९६० च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी स्वतंत्रपणे वेगळी कल्पना मांडली. संदेशाचे लहान लहान तुकडे करायचे, प्रत्येकावर पत्ता घालायचा आणि ते सामायिक मार्गावरून पाठवायचे. या तुकड्यांना डेव्हिसने ‘पॅकेट’ हे नाव दिले. याच तत्त्वावर १९६९ मध्ये अर्पानेट सुरू झाले.

५/
१ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने टीसीपी आणि आयपी हे नवे संकेत स्वीकारले. त्यामागची भूमिका नीट लक्षात घ्यावी, कारण पुढचे सारे नाट्य तिच्यातून घडले. वाटेतली यंत्रे, म्हणजे तेव्हाच्या भाषेत ‘गेटवे’ आणि आजच्या भाषेत राउटर, कोणतीही हमी देत नाहीत. पॅकेट आले की पुढे ढकलायचे. रांग भरली असेल तर नवे पॅकेट टाकून द्यायचे. हरवलेले पॅकेट शोधणे, ते पुन्हा पाठवणे, क्रम लावणे ही सारी जबाबदारी दोन टोकांच्या संगणकांवर. जाळे मधे साधे आणि कडांवर शहाणे राहील, अशी ही रचना होती.

६/
या साधेपणामुळे जाळे झपाट्याने वाढू शकले. कोणतीही संस्था आपले स्थानिक जाळे एका गेटवेने जोडून इंटरनेटचा भाग होऊ शकत होती. मात्र जोडल्या जाणाऱ्या जाळ्यांच्या वेगांत प्रचंड तफावत होती. विद्यापीठाच्या इमारतीतील इथरनेट सेकंदाला १ कोटी बिट वाहून नेई, तर दूरवर जाणारी अर्पानेटची वाहिनी सेकंदाला ५६,००० बिट. रुंद पाट अरुंद नळीत सोडावा तसा हा प्रकार. नळीच्या तोंडाशी पाणी साचणारच. येथे पाण्याऐवजी पॅकेटांची रांग साचत असे.

७/
आता कोसळण कशी होते ते पाहा. पॅकेट मिळाले की समोरचा संगणक पोचपावती पाठवतो. ठरावीक वेळेत पोचपावती आली नाही, तर पाठवणारा संगणक पॅकेट हरवले असे समजून ते पुन्हा पाठवतो. रांग वाढली की पोचपावतीला उशीर होतो. उशीर झाला की पॅकेट पुन्हा पाठवले जाते. आता रांगेत एकाच पॅकेटच्या दोन प्रती झाल्या. रांग आणखी वाढली, उशीर आणखी वाढला, तिसरी प्रत निघाली. प्रत्येक जण असेच करतो. अखेर वाहिनी पूर्ण भरलेली असते, पण तिच्यातून वाहतात त्या बहुतांशी निरुपयोगी प्रती. जाळे अखंड राबते आणि काम मात्र पुढे सरकत नाही.

८/
या संकटाचा इशारा आधीच दिला गेला होता. फोर्ड एरोस्पेस या कंपनीत काम करणाऱ्या जॉन नेगल याने जानेवारी १९८४ मध्ये एक टिपण प्रसिद्ध केले. इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेत त्याचा क्रमांक ८९६ आहे. ‘कंजेशन कोलॅप्स’ हा शब्दप्रयोग त्यातच येतो. त्याच्या कंपनीचे खासगी जाळे कमीअधिक वेगाच्या वाहिन्यांचे होते आणि त्यावर भार मोठा असे, त्यामुळे रोग त्याला आधी दिसला. अर्पानेटवर तो अजून दिसत नव्हता, कारण तेथील वाहिन्यांत मुबलक मोकळी क्षमता होती. मोकळ्या क्षमतेने झाकलेला दोष हा दोष नसतोच, असे मानण्याची चूक इतिहासात अनेक राज्यकर्त्यांनी केली आहे. अभियंतेही त्याला अपवाद नव्हते.

९/
१९८६ मध्ये ती मोकळी क्षमता संपली. जेकबसनने मायकेल कॅरेल्स याच्यासह या प्रश्नाचा पाठपुरावा सुरू केला. कॅरेल्स टेकडीखालच्या विद्यापीठात बीएसडी युनिक्स या संगणक प्रणालीवर काम करत होता. विद्यापीठे आणि संशोधनसंस्था यांच्या असंख्य संगणकांवर हीच प्रणाली चालत असे. म्हणजे कोंडीच्या एका टोकाला जेकबसन आणि दुसऱ्या टोकाला कॅरेल्स. दोघांपुढे दोन प्रश्न होते. बीएसडीतील टीसीपी चुकीचे वागते आहे काय? आणि अत्यंत वाईट परिस्थितीतही ते बरे चालावे म्हणून त्यात सुधारणा करता येईल काय? दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘होय’ असे निघाले.

१०/
परंतु उत्तर मिळवण्यासाठी आधी जाळ्यात काय चालले आहे ते दिसायला हवे होते. तारेतून वाहणारी पॅकेटे डोळ्यांना दिसत नाहीत. जेकबसन, लेरेस आणि मॅक्कॅन यांनी ‘टीसीपीडम्प’ हे साधन लिहिले. तारेवरून जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटची वेळ, पत्ता आणि क्रमांक ते ओळीने छापून देते. याच काळात जेकबसनने ‘ट्रेसराउट’ तयार केले. त्याची कल्पना स्टीव्ह डीअरिंग याने सुचवली होती.

ट्रेसराउटची युक्ती मोठी सुरेख आहे. प्रत्येक पॅकेटला किती टप्पे ओलांडण्याची मुभा आहे, हा आकडा त्यावर लिहिलेला असतो. मुभा संपली की वाटेतले यंत्र ते टाकून देते आणि तशी तक्रार पाठवते. ट्रेसराउट आधी एका टप्प्याची, मग दोन, मग तीन टप्प्यांची मुभा देत पॅकेटे पाठवते. परत येणाऱ्या तक्रारींवरून मार्गावरील प्रत्येक मुक्कामाचे नाव कळते.

११/
अभ्यासाचे फलित १९८८ मध्ये ‘कंजेशन अव्हॉयडन्स अँड कंट्रोल’ या निबंधात प्रसिद्ध झाले. त्याच्या मुळाशी असलेले तत्त्व भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत जन्मलेल्या निबंधाला शोभेल असेच आहे. पॅकेटांची अक्षय्यता हे ते तत्त्व. जाळे स्थिर चालायचे असेल, तर एक पॅकेट बाहेर पडल्यावाचून नवे आत सोडू नये. मग बाहेर पडल्याची खबर कोण देणार? पोचपावती देणार! पोचपावत्या ज्या लयीत परत येतात, त्याच लयीत नवी पॅकेटे सोडायची. वाटेतली सर्वांत अरुंद वाहिनी जी गती पेलते, तीच गती या पोचपावत्यांच्या ठोक्यांतून आपोआप पाठवणाऱ्याला कळते.

१२/
पण सुरुवातीला एकही पोचपावती आलेली नसते. मग लय कोठून मिळणार? जुने टीसीपी संधी मिळताच पॅकेटांचा अख्खा लोंढा सोडत असे. नव्या पद्धतीत प्रथम एकच पॅकेट जाते. त्याची पोचपावती आली की दोन, मग चार, मग आठ. प्रत्येक फेरीला दुप्पट.

जेकबसन आणि कॅरेल्स यांनी याला ‘सॉफ्ट स्टार्ट’ म्हटले होते. मार्च १९८७ मध्ये नेगलने ‘स्लो स्टार्ट’ हे नाव सुचवले आणि ते अधिक चांगले आहे हे मान्य करून दोघांनी ते लगेच स्वीकारले. राज जैन या भारतीय वंशाच्या संशोधकाने १९८६ मध्ये अशाच प्रकारची एक पद्धत आधीच मांडली होती. त्याचीही नोंद निबंधात आहे. श्रेयाच्या बाबतीत हा निबंध प्रामाणिक आहे.

१३/
दुसरी दुरुस्ती घड्याळाची. पोचपावतीची वाट किती वेळ पाहावी? जुने टीसीपी फेरीला लागणाऱ्या सरासरी वेळेच्या ठरावीक पट थांबत असे. जाळे मोकळे असताना हे चालून जाई. भार वाढला की मात्र सरासरीबरोबर चढउतारही वाढतात. एक पोचपावती लगेच येते, दुसरी फार उशिरा. अशा वेळी ठरावीक पटीचा अंदाज तोकडा पडतो आणि रांगेत सुखरूप उभे असलेले पॅकेट हरवले असे समजून त्याची प्रत निघते. जेकबसनने सरासरीबरोबर चढउतारांचेही मापन करायला सांगितले. वेळा जितक्या अस्थिर, तितका धीर अधिक. गर्दीत अधीर होणाऱ्याला धीर शिकवणारी ही दुरुस्ती होती.

१४/
तिसरी दुरुस्ती सर्वांत महत्त्वाची. पॅकेट हरवले याचा अर्थ काय घ्यायचा? तारेतल्या बिघाडामुळे पॅकेट नष्ट होणे त्या काळीही विरळाच होते. बहुधा वाटेत रांग भरल्यामुळे ते टाकले गेलेले असे. म्हणजे हरवलेले पॅकेट हा गर्दीचा संदेश आहे. तो मिळताच पाठवणाऱ्याने आपला भार निम्म्यावर आणायचा आणि त्यानंतर प्रत्येक फेरीला फक्त एका पॅकेटने वाढवत न्यायचा. वाढताना बेरीज, घटताना भागाकार.

याच सुमारास डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीत राज जैन, के. के. रामकृष्णन आणि डाह-मिंग चिऊ हे वेगळ्या वाटेने याच निष्कर्षाकडे येत होते. या नियमाने चालणारे अनेक जण हळूहळू समान वाट्याकडे सरकतात, हे चिऊ आणि जैन यांनी १९८९ मध्ये गणिताने दाखवले.

१५/
परिणाम किती झाला? निबंधात दोन प्रयोगांची तुलना आहे. एकाच वाहिनीवरून एकाच वेळी चार हस्तांतरणे सुरू केली. जुन्या पद्धतीत पाठवलेल्या ११,००० पॅकेटांपैकी ४,००० ही आधीच पाठवलेल्या पॅकेटांच्या प्रती निघाल्या. नव्या पद्धतीत ८,२८१ पैकी अवघ्या ८९. वाहिनी तीच आणि यंत्रेही तीच. नवी तार एक इंचही टाकावी लागली नाही. बदलले ते दोन टोकांच्या संगणकांचे वर्तन.

१६/
येथे इतिहासाच्या अभ्यासकाला थांबावेसे वाटते. हा उपाय सर्वांनी पाळला तरच उपयोगी होता. शंभरांपैकी नव्वद जणांनी माघार घेतली आणि दहा जणांनी घेतली नाही, तर मोकळी झालेली जागा ते दहा जण बळकावणार. मग नव्वद जणांनी संयम का पाळावा? कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या सांभाळायला पाटकरी असतो. इंटरनेटला पाटकरी नव्हता. कोणता संगणक किती पॅकेटे सोडतो, हे तपासणारी आणि दंड करणारी कोणतीही सत्ता अस्तित्वात नव्हती.

१७/
तरीही नियम पसरला. त्याचे पहिले कारण बीएसडी. जून १९८८ मध्ये बीएसडीची ‘टाहो’ ही आवृत्ती आली आणि तिच्यात या दुरुस्त्या होत्या. १९९० च्या ‘रीनो’ आवृत्तीत त्यांत भर पडली. ज्यांनी प्रणाली अद्ययावत केली, त्यांचे संगणक संयमी झाले. अनेकांना आपण काही स्वीकारले आहे, याचा पत्ताही नसावा. दुसरे कारण मानकांचे. ऑक्टोबर १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ११२२ क्रमांकाच्या दस्तऐवजाने इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या संगणकांसाठी हे नियम आवश्यक ठरवले. आवश्यक ठरवले खरे, पण अंमलबजावणीसाठी शिपाई नव्हते. नियम टिकला तो या आज्ञेमुळे कमी आणि चांगला नमुना सर्वांना सहज उपलब्ध होता यामुळे अधिक.

१८/
१९९० मध्ये सॅली फ्लॉइड या गटात आली. तिची वाट नेहमीची नव्हती. जन्म १९५० चा. पदवी बर्कलीतून, समाजशास्त्रात, १९७१ साली. त्यानंतर इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण आणि सॅन फ्रान्सिस्को परिसरातील ‘बार्ट’ या लोकल रेल्वेच्या संगणक विभागात सुमारे नऊ वर्षे नोकरी. मग पुन्हा विद्यापीठ आणि १९८९ मध्ये संगणकशास्त्रात पीएच.डी. समाजशास्त्र आणि रेल्वेतील नोकरी यांचा तिच्या संशोधनाशी थेट धागा जोडण्याचा मोह आवरला पाहिजे. एवढे मात्र तिच्या लेखनावरून म्हणता येते की, सामायिक मार्गावर एकाच्या वर्तनाचा दुसऱ्यावर काय परिणाम होतो, हा प्रश्न तिने अखेरपर्यंत सोडला नाही.

१९/
फ्लॉइड आणि जेकबसन यांनी १९९३ मध्ये ‘रेड’ नावाची पद्धत मांडली. रांग पूर्ण भरेपर्यंत थांबले तर एकाच वेळी अनेकांची पॅकेटे पडतात. मग सगळे एकदम माघार घेतात, वाहिनी रिकामी होते, नंतर सगळे एकदम पुढे सरसावतात. हे टाळण्यासाठी राउटरने रांगेच्या सरासरी लांबीवर लक्ष ठेवावे आणि ती वाढू लागताच अधूनमधून, यदृच्छेने, एखादे पॅकेट टाकावे किंवा त्यावर खूण करावी. ज्याची पॅकेटे जास्त, त्याला इशारा मिळण्याची शक्यता जास्त. एकाही वाहतुकीची वेगळी नोंद न ठेवता साधलेला हा न्याय आहे.

पुढे रामकृष्णन आणि फ्लॉइड यांनी पॅकेट न टाकता केवळ खुणेने गर्दी कळवण्याचा प्रस्ताव मांडला. २००१ मध्ये तो इंटरनेटच्या मानकांत आला.

२०/
गटाचे काम कोंडीपुरते नव्हते. १९९३ मध्ये मॅक्कॅन आणि जेकबसन यांनी हवी तेवढीच पॅकेटे वेगाने वेगळी काढणारी ‘बीएसडी पॅकेट फिल्टर’ ही रचना मांडली. तिचा विस्तारित वारसदार आजच्या लिनक्समध्ये आहे. इंटरनेटवरून एकाच वेळी अनेकांपर्यंत आवाज, चित्र आणि सामायिक फळा पोचवणारी ‘व्हॅट’, ‘व्हिक’ आणि ‘डब्ल्यूबी’ ही साधने येथेच तयार झाली. आजच्या ऑनलाइन वर्गाचे ते पूर्वज.

पॅक्सन आणि फ्लॉइड यांनी टेलिफोनसाठी बनवलेले गर्दीचे गणित इंटरनेटला लागू पडत नाही, हे मोजमापांनी सिद्ध केले. पॅक्सनने जाळ्यातील घुसखोरी ओळखणारी ‘ब्रो’ ही प्रणाली उभारली. ती आज ‘झीक’ या नावाने वापरात आहे. पाहण्याची साधने आधी, सिद्धान्त नंतर, ही या गटाची शिस्त होती.

२१/
संयमाचा करार किती नाजूक आहे, हे फ्लॉइडला ठाऊक होते. १९९० च्या दशकात इंटरनेट संशोधकांच्या हातातून बाजारात आले. ऑडिओ आणि व्हिडिओच्या अनेक उपयोजनांना माघार घेण्याचा नियम ठाऊकच नव्हता. १९९९ मध्ये केव्हिन फॉल याच्यासह लिहिलेल्या निबंधात तिने दाखवले की, अशा वाहतुकीचे प्रमाण वाढले तर केवळ अन्याय होत नाही, १९८६ ची कोसळणही परत येऊ शकते. २००० मध्ये तिने गर्दी-नियंत्रणाची तत्त्वे मानकांच्या मालिकेत स्वतंत्र दस्तऐवज म्हणून नोंदवली. त्यांचा आशय असा : आपली वाहतूक कोणत्याही प्रकारची असो, सामायिक मार्गावर गर्दीची चाहूल लागताच तिने आवरते घेतले पाहिजे.

२२/
शतकाच्या अखेरीस गट पांगला. जेकबसन १९९८ मध्ये सिस्को कंपनीत गेला. फ्लॉइड बर्कलीतच दुसऱ्या एका संशोधनसंस्थेत गेली. काम मात्र संपलेले नव्हते. स्मृती स्वस्त झाल्यावर राउटरमधल्या रांगा इतक्या लांबल्या की पॅकेटे पडेनात, नुसती खोळंबू लागली. हरवणे हाच इशारा मानणाऱ्या पद्धतीला तो इशाराच उशिरा मिळू लागला. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी रांगेची लांबी न पाहता रांगेतील खोळंबा मोजण्याची पद्धत सुचवली. २०१६ मध्ये गूगलच्या एका गटाने ‘बीबीआर’ मांडले. पॅकेट हरवण्याची वाट न पाहता मार्गाची क्षमता आणि फेरीचा वेळ सतत मोजणारी ही पद्धत. तिच्या लेखकांत पुन्हा जेकबसन होता. अठ्ठावीस वर्षांपूर्वी स्वतः घालून दिलेले गृहीतक बदलण्याची तयारी त्याने दाखवली.

२३/
इंटरनेटचा इतिहास बहुधा पहिल्या संदेशाचा, पहिल्या संकेतस्थळाचा, पहिल्या अब्जाधीशाचा सांगितला जातो. जे घडले त्याच्या तारखा असतात. जे घडण्यापासून टळले, त्याची तारीख नसते आणि म्हणून त्याचा इतिहासही सहसा लिहिला जात नाही. १९८६ नंतर जाळ्यावरील भार कल्पनेपलीकडे वाढला, पण चारशे यार्डांवरची ती अवस्था साऱ्या जाळ्याची झाली नाही. हे एका माणसाचे कर्तृत्व नव्हे. नेगलचा इशारा, जैन, रामकृष्णन आणि चिऊ यांचे विश्लेषण, कॅरेल्सची प्रणाली आणि टेकडीवरच्या त्या गटाची मोजमापे, अशा अनेक हातांनी हे साधले. सॅली फ्लॉइडचे ऑगस्ट २०१९ मध्ये निधन झाले. कॅरेल्स २०२४ मध्ये गेला. दोघांनाही ओळखणारे जग लहान होते. त्यांच्या कामावर चालणारे जग केवढे तरी मोठे.

२४/
सामायिक गोष्ट टिकवायची तर वरून धाक हवा किंवा तिचे तुकडे पाडून मालकी वाटून द्यायला हवी, असे दोनच पर्याय आपल्याला पुष्कळदा सांगितले जातात. या प्रकरणात तिसरा पर्याय काही दशके टिकलेला दिसतो. स्वतःच्या वर्तनाचा भार मोजता येईल अशी साधने, सर्वांना मोफत मिळणारा चांगला नमुना आणि इशारा मिळताच मागे सरकण्याची सवय. तो कायम टिकेलच असे नाही. काही मोजक्या कंपन्यांकडे वाहतुकीचा मोठा वाटा गेल्यावर माघार कोण घेणार, हा प्रश्न आज पुन्हा उभा आहे.

२५/
मोठी फाइल उतरवून घेताना कधी वेगाच्या आकड्याकडे पाहा. तो भराभर चढतो, एखाद्या क्षणी एकदम खाली येतो, मग पुन्हा थोडा थोडा वर जातो. आपण वैतागतो. पण त्या क्षणी पलीकडच्या संगणकाला वाटेत गर्दी असल्याची चाहूल लागलेली असू शकते आणि तुम्हाला न दिसणाऱ्या कोणासाठी तरी त्याने जागा करून दिलेली असू शकते.

थ्रेड येथे संपतो. १९८३ च्या टीसीपी-स्थलांतराविषयी किंवा डेव्हिसच्या इंग्लंडमधील गटाविषयी वाचायला आवडेल का, ते खाली जरूर सांगा.